हळदीची पत : लघु सौंदर्योद्योगाच्या जाहिरातभाषेचा विचार

जाहिरातीस वाङ्मयप्रकार म्हणण्याचे कारण नाही. तथापि शब्दाच्या सामर्थ्याचा कस जाहिरातीत जितका उघडपणे लागतो, तितका तो अन्यत्र क्वचितच लागतो. कवितेतील विधानावर वाचकाने विश्वास ठेवला नाही, तरी कवितेचे काही बिघडत नाही. जाहिरातीचे सर्वस्व मात्र त्या विश्वासावरच उभे असते. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातही, महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांप्रमाणे, बचत गटांतील व घरगुती उद्योग चालविणाऱ्या स्त्रिया उटणे, साबण, केशतेल, लेप असे पदार्थ तयार करतात आणि व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक या समाजमाध्यमांतून त्यांची माहिती देतात. अशा मजकुराची भाषा कोणती असावी, हा प्रश्न वरवर व्यापाराचा वाटला तरी मूलतः तो शब्दप्रामाण्याचा प्रश्न आहे.

न्यायदर्शनाने शब्दास प्रमाण मानले, ते आप्ताच्या शब्दास. वस्तू स्वतः जाणणारा आणि जशी जाणली तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू केले आहे. म्हणजे कुळ किंवा कीर्ती यांवर आप्तत्व अवलंबून नाही; ते ज्ञान आणि प्रामाणिकपणा यांवर अवलंबून आहे. मराठीत ‘आप्त’ या शब्दास नातलग हा अर्थही आहे, आणि लघुउद्योगाच्या जाहिरातीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. उमरग्याच्या किंवा कळंबच्या स्त्रीने तयार केलेले उटणे प्रथम विकत घेतात त्या तिच्या भावजया, शेजारणी आणि गटातील सख्या. समाजमाध्यम या वर्तुळाचा परीघ वाढविते; परंतु वर्तुळाच्या मध्यभागी जी पत असते, ती काही ते निर्माण करीत नाही.

या दृष्टीने विको या मराठी उद्योगाचे उदाहरण उद्बोधक आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत या उद्योगाचा आरंभ केला, आणि प्रारंभीच्या काळात दंतमंजन घरोघर जाऊन विकले गेले. विक्रेता दारात उभा असे. पुढच्या खेपेस त्याला त्याच दारात जावयाचे असे. अतिशयोक्तीवर याहून कडक अंकुश दुसरा नाही. पुढे हळद व चंदनतेलयुक्त मलम आले, चित्रपटगृहांतून आणि दूरदर्शनवरून त्याच्या जाहिराती घुमू लागल्या, १९८४ साली ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेचे प्रायोजकत्वही कंपनीने घेतले. या जाहिरातींचा मध्यवर्ती दावा असा, की हे मलम प्रसाधन नसून आयुर्वेदीय औषध आहे.

या दाव्याची व्यंजना बारकाईने पाहण्याजोगी आहे. चरकसंहितेत वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा जो वर्ण्य गण सांगितला आहे, त्यात चंदन आहे, हळद नाही. हळद कुष्ठघ्न गणात येते. त्वचेच्या विकारावरील द्रव्य म्हणून हळदीला ग्रंथाधार आहे. पण जाहिरातीतील नववधूच्या मुखावर जे तेज दिसते, ते ग्रंथातून आलेले नसून लग्नाआधीच्या हळदीच्या विधीतून आलेले आहे. अभिधेने औषध सांगावयाचे आणि व्यंजनेने सौभाग्य सुचवावयाचे, असे हे दुहेरी कार्य आहे. तरीही या उदाहरणाचे महत्त्व असे, की त्यातील एका शब्दाचा जाब द्यावा लागला. मलम हे औषध की प्रसाधन, यावर उत्पादनशुल्काचा दर ठरत असल्याने सरकारशी दीर्घकाळ वाद चालला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. जाहिरातीतील शब्द न्यायालयाच्या चाळणीतून गेला. शब्दास पत येते ती अशा उत्तरदायित्वाने.

आजच्या लहान उद्योगांनी या परंपरेतून व्यंजना उचलली. उत्तरदायित्व मात्र मागे राहिले, असे दिसून येते. ‘केमिकल-फ्री’ हा त्यांचा आवडता शब्द होय. वास्तविक ‘विको’ हे नावच ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ याचे संक्षिप्त रूप आहे. एका पिढीस जो शब्द शास्त्रीयतेचा निदर्शक वाटला, तोच पुढच्या पिढीस भयसूचक वाटू लागला. शिवाय तो अर्थतःही टिकत नाही. तुळजापुरात भवानीच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर कुंकवाच्या राशी दिसतात. पारंपरिक कुंकवाचा लाल रंग हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया होऊन येतो. तो रासायनिक क्रियेचाच परिणाम आहे, आणि त्यामुळे कुंकवाचे पावित्र्य उणावत नाही. शिसे, आर्सेनिक व पारा यांची संयुगे प्रसाधनात वापरण्यास कायद्याने मज्जाव केला आहे, तो ती रसायने आहेत म्हणून नव्हे, तर विषारी आहेत म्हणून. तेव्हा रसायन नाही हे विधान निरर्थक, आणि कोणते द्रव्य किती आहे हे विधान सार्थ ठरते.

दुसरा शब्द ‘निखार’. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. गोरेपणाचा वाचक शब्द गेला. परंतु आधीचा आणि नंतरचा चेहरा शेजारी ठेवण्याची रीत जोवर आहे, तोवर ध्वनी तोच राहतो. उन्हातान्हात शेतावर राबणाऱ्या स्त्रीच्या वर्णास न्यून ठरविणारी ही भाषा त्याच शिवारातील दुसऱ्या स्त्रीने वापरावी, हे केवळ अनुकरण नव्हे. ज्या आप्तांच्या भरवशावर उद्योग उभा राहिला, त्यांचाच तो अधिक्षेप आहे.

यात आणखी भर पडते ती विकत घेतलेल्या आप्तांची. ज्यांचे अनुयायी पुष्कळ, अशा व्यक्तींस मोबदला देऊन शिफारस करविली जाते. अशा मजकुरावर जाहिरातीचा स्पष्ट उल्लेख असावा, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घातला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास व शिफारस करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा आशय प्राचीन लक्षणाशी जुळणारा आहे : जे स्वतः जाणले नाही, ते जाणल्यासारखे सांगू नये.

यावर असा आक्षेप येईल, की मोठ्या भांडवलापुढे लहान उद्योजिकेने मोठे शब्दही वापरावयाचे नाहीत, तर तिच्याकडे लक्ष कोण देणार? आक्षेप गैरवाजवी नाही. समाजमाध्यमांची यंत्रणा जे क्षणात नजर खेचून घेते, तेच पुढे ढकलते. संयमी मजकूर तिच्यात मागे पडतो. मात्र उटणे, साबण आणि तेल या संपणाऱ्या वस्तू आहेत. त्यांचा उद्योग पहिल्या खरेदीवर चालत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या खरेदीवर चालतो. पहिली खरेदी चित्राने घडविता येते. दुसरी केवळ अनुभवाने घडते. मोठ्या कंपनीचा एक ग्राहक रुसला तर त्या जागी दुसरा आणण्याइतके द्रव्य तिच्यापाशी असते. गावातील उद्योजिकेपाशी ते नसते. म्हणून अतिशयोक्ती ही चैन मोठ्यांना परवडते, लहानांना नाही.

लहान उद्योगास परवडणारे आणि मोठ्यास सहसा न साधणारे एक सामर्थ्य आहे, ते म्हणजे प्रत्यक्षता. हळद कोणत्या शिवारातील, ती केव्हा दळली, लेपात कोणते घटक आहेत, तो कोणत्या तारखेपर्यंत वापरावा, प्रथम मनगटावर लावून का पाहावा, कोणत्या त्वचेस तो मानवणार नाही आणि उत्पादनाचा परवाना क्रमांक कोणता, हे सांगणारे छोटे चलच्चित्र अलंकारहीन असेल. पण त्यातील प्रत्येक विधान तपासता येईल. घटक, मुदत आणि परवाना क्रमांक वेष्टनावर छापणे प्रसाधन नियम, २०२० नुसार आवश्यकच आहे. जे वेष्टनावर बारीक अक्षरांत छापावे लागते, तेच मोठ्या आवाजात सांगणे ही या जाहिरातीची खरी शैली ठरेल. ग्राहकाने खाली लिहिलेली तक्रार न पुसता तिला उत्तर देणे, हेही याच शैलीचे अंग होय.

अशा भाषेने वाढ मंद होईल, हे मान्य करावयास हवे. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याची वाढही मंदच होती. परंतु तो पुन्हा त्याच दारी जाऊ शकत होता. समाजमाध्यमाने दारांची संख्या अगणित केली. पुन्हा त्याच दारी जाता येईल असेच बोलावे, ही अट मात्र त्याने रद्द केलेली नाही.