पोहोच ही किटमध्ये नसते

 

'औषध आणि निदान सर्वांपर्यंत' हा आजचा विषय. मी तो टीकेच्या अंगाने मांडणार आहे. टीका या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसांवर नाही. त्यांच्या कामाची जी गोष्ट आपण एकमेकांना सांगतो, तिच्यावर आहे.

गोष्ट आपल्या लोणावळ्यातलीच घेऊ. नांगरगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत मायलॅब या कंपनीचा पत्ता आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचं पहिलं देशी किट म्हणून मान्यता मिळाली ती या कंपनीच्या किटला. संशोधनाचं नेतृत्व मीनल दाखवे-भोसले यांनी केलं. एरवी तीन-चार महिने घेणारं काम सहा आठवड्यांत झालं. १८ मार्चला किट तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली.

ही गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण ती इतकी गोड निघाली, की आपण तिथेच थांबलो. बाई, बाळ आणि किट! किट तयार झालं म्हणजे चाचणी लोकांपर्यंत पोहोचली, असं आपण मनाशी धरून टाकलं. माझा आक्षेप इथे आहे.

आकडे बघा. किटची किंमत एका चाचणीमागे सुमारे १२०० रुपये सांगितली गेली. त्याच आठवड्यात खासगी प्रयोगशाळेतल्या चाचणीला केंद्राने कमाल दर ठरवला ४५०० रुपये. आता किट आणि चाचणी या एक गोष्ट नव्हेत. नमुना घेणारा माणूस, त्याचं संरक्षक कपडे, यंत्र, वाहतूक, हे सगळं चाचणीत येतं. मान्य. पण बातमी आपल्याला १२०० चा आकडा सांगत होती आणि पावती दुसराच. पुढे जून २०२० मध्ये राज्य सरकारने २२०० ची मर्यादा घातली आणि ती उतरत उतरत मार्च २०२१ अखेरीस ५०० वर आली. देशी किटं बाजारात आली, स्पर्धा वाढली, म्हणून दर उतरवणं शक्य झालं, हे खरंच. पण शक्य होणं वेगळं आणि होणं वेगळं. ते झालं सरकारी आदेशाने. त्या आदेशाची गोष्ट कुणी सांगितली का? फाईल पुढे सरकवणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो कुठे छापून येत नाही.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून शब्दाकडे येतो. वैशेषिकांनी संयोगाबद्दल एक साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. संयोग एका वस्तूत राहत नाही, तो दोन वस्तूंच्या आश्रयाने राहतो. पोहोच तशीच आहे. किट स्वस्त असू शकतं, अचूक असू शकतं, हे त्याचे गुण. पण 'पोहोचलेलं' हा त्याचा एकट्याचा गुण होऊच शकत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो.

उदाहरण याच कंपनीचं. मे २०२१ मध्ये घरी स्वतः करायच्या चाचणीला मान्यता मिळाली. किंमत २५० रुपये. चांगली सोय होती. पण निकाल नोंदवायला स्मार्टफोन हवा, ॲप हवं. आता आंदर मावळातल्या एखाद्या कातकरी वस्तीवर जा. फोनला रेंज नाही आणि २५० रुपये म्हणजे दिवसाच्या मजुरीतला मोठा तुकडा. वस्तू तीच, पण लोणावळ्याच्या बाजारपेठेत ती पोहोचलेली आहे आणि डोंगराच्या पलीकडे नाही.

करोना गेला, म्हणाल. क्षय गेलेला नाही. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. तरीही २०१८ पासून सरकार रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये देऊ लागलं आणि २०२४ मध्ये ते १००० केले. याचा अर्थ काय? औषध फुकट असणं पुरेसं नाही, हे सरकारनेच कबूल केलं. उपाशीपोटी गोळ्या चालत नाहीत, आणि थुंकीचा नमुना द्यायला गेलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

यावर कुणी म्हणेल, सर, मग शास्त्रज्ञांनी काय करायचं? रस्ते बांधायचे? नाही. पण यंत्र कुठे ठेवायचं आहे याचा विचार ते यंत्र बनवतानाच करता येतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बघा. बॅटरीवर चालतं, वातानुकूलित खोली मागत नाही, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयनिदानासाठी त्याची शिफारस केली. इथे दुसरं टोक पहिल्यापासून हिशेबात धरलेलं आहे.

आणि काही लढाया प्रयोगशाळेत होतच नाहीत. बेडाक्विलीन हे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं औषध. त्याच्या पेटंटची मुदत २०२३ मध्ये संपत होती. कंपनीला आणखी एका पेटंटच्या आधारे ती २०२७ पर्यंत लांबवायची होती. त्याला आव्हान दिलं मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघींना क्षय होऊन गेलेला, आणि जुन्या औषधाच्या दुष्परिणामाने दोघींची ऐकण्याची शक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. म्हणजे स्वस्त बेडाक्विलीन बनवायची वाट मोकळी झाली ती दोन रुग्णांमुळे. औषध 'सर्वांपर्यंत नेणारे व्यावसायिक' अशी यादी केली, तर त्या यादीत या दोघी बसतात का? माझ्या मते पहिल्या पानावर.

शेवटच्या पानावरही कुणाला तरी बसवा. नाणे मावळात भर पावसात छत्री सांभाळत घरोघर जाऊन 'खोकला किती दिवस आहे?' विचारणारी आशाताई. सरकार तिला कर्मचारी म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणतं, आणि कामागणिक मोबदला देतं. साखळीतली शेवटची कडी सगळ्यात कमी पैशांत बसवायची आणि मग साखळी का तुटली म्हणून परिसंवाद भरवायचे, याला काय म्हणावं?

तेव्हा नांगरगावचा अभिमान जरूर धरा. मीही धरतो. पण पुढच्या वेळी 'क्रांतिकारक किट' अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. पावतीवर किती लागणार? ते कुठल्या केंद्रात ठेवणार? आणि नमुना आणायला कोण जाणार, तिला काय देणार? बातमीत उत्तरं नसतील, तर किट झालं आहे इतकंच समजा. पोहोच व्हायची आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.