ग्लो ऑफ होप

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले प्रख्यात जलरंगचित्र. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलावीथीत ते आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे; त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. या चित्रासाठी त्यांची कन्याच हाती दिवा घेऊन उभी राहिली होती.

एका हातात दिवा आणि ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, एवढाच चित्राचा विषय. त्यात कोणतीही देवता नाही. तरीही ते भक्तिचित्र वाटते, याचे कारण त्यातील छायाप्रकाशाची योजना. आडोशाच्या हातामुळे ज्योतीपेक्षा तिची प्रभाच प्रथम जाणवते. बोटांतून ती तांबूस होऊन झिरपते, चेहऱ्यावर सौम्य होते आणि वस्त्राच्या चुण्यांत विरत जाते. दिवेलागणीची शांतता त्यातून सहज प्रतीत होते.

अशा योजनेचे पूर्वोदाहरण म्हणजे फ्रेंच चित्रकार झॉर्झ द ला तूर याचे लूव्ह्रमधील संत जोसेफचे चित्र (सु. १६४२). त्यातही मेणबत्तीचा प्रकाश बालयेशूच्या बोटांतून पारदर्शक होऊन दिसतो. तथापि ते तैलचित्र आहे. तैलरंगात गडद भूमीवर उजळ रंगाचे थर अखेरीस चढविता येतात व चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगाची रीत नेमकी उलट: तेथे प्रकाश म्हणजे कोरा राखलेला कागद, आणि अंधार त्याच्याभोवती थराथराने गडद करीत न्यावा लागतो. एकदा झाकोळलेला उजेड पूर्ववत मिळणे दुष्कर. हळदणकरांचे प्रभुत्व येथे दिसते.

पुष्कळांनी हे चित्र राजा रविवर्म्याचे तैलचित्र मानले. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तला होता. पण त्याची तैलचित्रे याच संग्रहात असल्याने गैरसमज बळावला असावा. ला तूरच्या वाट्यालाही हेच आले. १९१५ मध्ये हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकाने त्याची ओळख पुन्हा पटविण्यापूर्वी त्याची चित्रे इतरांच्या नावांवर होती. हळदणकरांच्या बाबतीत मात्र नावाबरोबर माध्यमही हिरावले गेले, हे अधिक अन्यायाचे. कारण तैलरंगात जे कौशल्य ठरले असते, ते जलरंगात धाडस आहे. स्वस्त छापील प्रतींत तर कागदाची आतली उजळी नाहीशी होऊन केवळ पिवळा रंग उरतो.

चेहऱ्यावरील भाव काहीसा ठरीव आहे, हे मान्य करावे लागेल. ज्योतीपुढे धरलेल्या हातात मात्र चित्रकाराने काहीही गोड केलेले नाही.