दोन डबे आणि एक अपुरा धडा

शाळेच्या भिंतीवरचे एक चित्र आता महाराष्ट्रात जवळजवळ सर्वत्र दिसते. एक हिरवा डबा, एक निळा डबा. हिरव्यावर ‘ओला कचरा’, निळ्यावर ‘सुका कचरा’. हिरव्यात केळीची साल, निळ्यात बाटली आणि वर्तमानपत्र. शेजारी हसरा मुलगा किंवा मुलगी. परिसर अभ्यासाच्या तासाला हेच चित्र फळ्यावर उतरते आणि परीक्षेत ‘जोड्या लावा’ होऊन परत येते.

नवे पाठ्यपुस्तक आले की त्याचे परीक्षण होते. मग जे चित्र मुले वर्षानुवर्षे रोज पाहतात, त्याचे का होऊ नये? येथे आम्ही ते करून पाहणार आहोत. कसोट्या तीन. चित्रातले विज्ञान बरोबर आहे का? ज्या गावात ते रंगवले, तेथील परिस्थितीशी ते जुळते का? आणि ज्यांच्या कामाविषयी ते बोलते, त्यांना ते न्याय देते का?

कसोटीसाठी गाव घेऊ मांजरसुंबा. बीड शहराच्या दक्षिणेला, बालाघाटच्या माथ्यावरचे हे गाव. धुळे-सोलापूर महामार्गाला केज-अंबाजोगाईकडचा रस्ता येथेच फुटतो. फाटा म्हटला की हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि थांबणाऱ्या गाड्या आल्याच. जवळच कपिलधार आहे. तेथे मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते.

चित्र आले कोठून?

आधी चित्राच्या बाजूने बोलू. शहरांतील कचऱ्याच्या दुर्दशेविरुद्ध अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यानंतर २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. कचरा जेथे निर्माण होतो तेथेच तो वेगळा करावा, हे तत्त्व तेव्हापासून रुजू लागले. तत्त्व पक्के आहे. आमटीत भिजलेल्या रद्दीला भाव येत नाही आणि काचेचे तुकडे असलेले खत शेतकरी घेत नाही. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या की दोन्ही वाया जातात. एवढी गोष्ट हे चित्र मुलांच्या मनावर ठसवते, हे त्याचे श्रेय.

पण ‘नागरी’ हा शब्द लक्षात ठेवावा. हे चित्र जन्मले ते दारात गाडी येणाऱ्या शहरासाठी.

पहिली कसोटी : विज्ञान

‘ओला’ हा शब्द कुजणाऱ्या पदार्थांसाठी वापरला आहे, हे समजू शकते. पण ‘सुका’ हा पदार्थाचा कोणता गुणधर्म? काहीच नाही. ‘जे ओले नाही ते’ एवढाच त्याचा अर्थ. आणि नकारातून केलेले वर्गीकरण विज्ञानात फार दूर नेत नाही.

चहाचा कागदी कप घ्या. मुले त्याला कागद म्हणतात. पण आतून त्याला पॉलिथिनचा पातळ थर असतो. नाहीतर चहा पाझरला असता. हा कप रद्दीत टाकला तर रद्दी बिघडते. फळांच्या रसाच्या खोक्यात तर पुठ्ठा, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम असे तीन पदार्थ एकमेकांना चिकटलेले असतात. वेफर्सचा चकचकीत पुडा म्हणजे प्लॅस्टिकच्या थरांवर चढवलेला धातूचा मुलामा. याउलट दुधाची पिशवी पॉलिथिन कुळातल्याच प्लॅस्टिकची असते. धुऊन वाळवली तर ती चांगली विकली जाते. निळ्या डब्यात हे सगळे एकाच पंक्तीला बसतात. परत वापरात येण्याची त्यांची शक्यता मात्र अगदी वेगवेगळी आहे.

येथे खरा प्रश्न ‘ओले की सुके’ हा नाही. ‘हा एकच पदार्थ आहे की अनेकांचे मिश्रण, आणि ते सुटे करता येते का’ हा आहे. रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण मिश्रणे वेगळी करायला शिकवतो. तो धडा आणि हे चित्र यांची गाठ कोणी घालून देत नाही.

दुसरा घोटाळा बाटलीच्या बुडावरच्या त्रिकोणाचा. बाणांचा त्रिकोण म्हणजे ‘याचा पुनर्वापर होतो’, असे अनेक वर्गांत सांगितले जाते. हे बरोबर नाही. १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने प्लॅस्टिकची जात ओळखण्यासाठी १ ते ७ असे आकडे ठरवले. १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिनचे दोन प्रकार, ३ पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलिन, ६ पॉलिस्टायरिन आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. आकडा फक्त जात सांगतो. पुढे काय होणार याची हमी देत नाही. लोकांचा गैरसमज इतका पसरला की २०१३ साली या खुणेच्या प्रमाणकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण सुचवण्यात आला.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पाण्याची बाटली, तिचे झाकण, दुधाची पिशवी आणि दह्याचा किंवा आइस्क्रीमचा कडक कप यांचे नखाएवढे तुकडे कापावेत. पाण्याच्या भांड्यात साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. आता तुकडे पाण्यात दाबून सोडावेत. झाकण आणि पिशवी तरंगतील, बाटली बुडेल. पॉलिप्रॉपिलिनची घनता सुमारे ०.९०, पॉलिथिनची ०.९२ ते ०.९६, तर पेटची सुमारे १.३८ आहे. कप जर ६ क्रमांकाचा असेल तर तोही बुडेल, कारण पॉलिस्टायरिनची घनता सुमारे १.०५ असते. पण पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातले की तो वर येईल आणि बाटली तळाशीच राहील. कारखान्यात बाटली आणि झाकण यांचा चुरा अशाच तत्त्वावर वेगळा करतात. थर्माकोल साध्या पाण्यातही तरंगतो, तोही पॉलिस्टायरिनच असून. असे का, हे मुलांना विचारावे. एक मात्र कटाक्षाने टाळावे : प्लॅस्टिक जाळून ओळखण्याचा प्रयोग. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू बाहेर पडतात.

दुसरी कसोटी : गाव

मांजरसुंब्यासारख्या गावात हिरवा डबा काय करतो? भाजीची देठे शेळीपुढे जातात, उरलेली भाकरी गुरांना, राख आणि केर उकिरड्यावर आणि उकिरडा शेतात. कुजणाऱ्या पदार्थांचा प्रश्न गावाने शाळेच्या आधीच सोडवलेला आहे. निळ्या डब्यातलेही अर्धे सुटलेले आहे. लोखंड, पत्रा, पितळ, काच, रद्दी, फुटकी बादली यांना भंगारात भाव आहे, म्हणून त्या सहसा रस्त्यावर पडून राहत नाहीत. म्हणजे चित्र जे शिकवते ते गावाला येते. जे येत नाही ते चित्रात नाही.

काय उरते? वेफर्सचे पुडे, शांपूच्या व मसाल्याच्या पुड्या, कागदी कप, पातळ पिशव्या. हे का उरते? मुलांना एक तराजू द्यावा. एक लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीचे वजन साधारण वीस ग्रॅम भरते. पन्नास बाटल्या गोळा केल्या की किलो होतो. वेफर्सचा छोटा पुडा भरतो एक-दोन ग्रॅम. किलो होण्यासाठी पाचशे ते हजार पुडे एकेक करून वेचावे लागतील. शिवाय तो अनेक थरांचा, म्हणून घेणारा नाही. असला तरी दूरच्या शहरात, आणि हलक्या मालाने भरलेल्या टेंपोचे भाडे तर तेवढेच. वेचणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही. फाट्यावरचा पुडा पडून राहतो तो संस्कार कमी पडले म्हणून नव्हे. वजन, मिश्रण आणि अंतर या तीन कारणांनी. पहिली दोन कारणे विज्ञानाची आहेत आणि तिसरे भूगोलाचे. शिक्षकाला याहून चांगला धडा कोठे मिळणार?

आणखी एक गोष्ट. चित्रातला कचरा घरातला आहे. फाट्यावरचा मोठा वाटा येणाऱ्या-जाणाऱ्यांचा असतो. तो ना मुलाच्या घरात निर्माण होतो, ना त्याच्या डब्यात येतो. यात्रेचेही तसेच. जेवायला पळसाच्या पत्रावळी घ्यायच्या की एकदाच वापरायची ताटे, हा निर्णय वर्गीकरणाच्या आधीचा आहे आणि अधिक परिणामकारकही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या काही वस्तूंवर बंदी घातली, तिचा रोख याच दिशेला होता.

हे दुर्लक्षित राहिले तर काय होते, ते कोणत्याही गावाला माहीत आहे. संध्याकाळी ढीग पेटवला जातो आणि धूर घराघरांत शिरतो. खरकट्यासकट फेकलेली पिशवी गाय गिळते. ती पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकते. पचतही नाही आणि पुढेही सरकत नाही. चाऱ्याची टंचाई नेहमीची असलेल्या जिल्ह्यात हे नुकसान लहान नव्हे.

तिसरी कसोटी : माणसे

चित्रात मुलगा डब्यात बाटली टाकतो आणि विषय संपतो. कधी पुढे बाण काढून कारखाना दाखवतात. मधली माणसे पुसून टाकलेली असतात. डबा स्वतः काही निवडत नाही. निवडतात ते हात.

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना स्थापन झाली : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच एक वर्गीकरण आहे, आणि ते ‘ओला-सुका’पेक्षा नेमके आहे. या कामात बहुसंख्य स्त्रिया, बहुतांश दलित समाजातल्या. त्यांच्यातली अनेक कुटुंबे मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागांतून शहरात गेलेली. पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या महापालिकेसाठी घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, दुधाची पिशवी, बाटली, पत्रा, ॲल्युमिनियम असे भेद त्या हाताच्या स्पर्शाने आणि आवाजाने करतात. हे ज्ञान आहे. आपल्या पुस्तकांत मात्र ते ज्ञान म्हणून येत नाही.

त्याची किंमत काय, हे परदेशांकडे पाहिले की कळते. अनेक श्रीमंत देशांत सगळे सुके एकाच डब्यात घेऊन यंत्रांनी निवडण्याची पद्धत आली. माल इतका मिसळलेला निघे की त्यातला बराच चीनला पाठवला जाई. २०१८ मध्ये चीनने अनेक प्रकारचा असा माल बंद केला आणि उरलेल्यात भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली. त्यांच्या व्यवस्था तेव्हा कोलमडल्या. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील प्लॅस्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आला.

निष्कर्ष

कोणी म्हणेल, लहान मुलांना सोपेच सांगावे लागते. मान्य. पहिली-दुसरीत दोन डबे पुरेत. पण सहावी-सातवीतही तेच चित्र राहिले, तर ते सोपे राहत नाही, चुकीचे ठरते. नियमसुद्धा पुढे गेले आहेत : २०१६ च्या नियमांनी घरातला घातक कचरा तिसरा मानला, आणि २०२६ च्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा असे चार भाग केले. भिंतीवर अजून दोनच डबे आहेत.

आमची सूचना खर्चाची नाही. भिंत पुसू नये; निळ्या डब्याखाली चार कप्पे काढावेत : ‘भंगारवाला घेतो’, ‘धुतले तर घेतो’, ‘कोणीच घेत नाही’ आणि ‘हात लावू नका, मोठ्यांना सांगा’. शेवटच्यात बॅटरी, फुटलेली ट्यूबलाइट, सुया आणि जुनी औषधे. कप्पे मुलांनी आपल्याच गावात विचारून भरावेत आणि भाव दर सहा महिन्यांनी बदलावेत. भंगाराचा व्यवसाय करणाऱ्यांना एकदा वर्गात बोलवावे आणि त्यांना पाहुण्याची खुर्ची द्यावी. तिसऱ्या कप्प्याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी, कारण २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांनी ग्रामपंचायतीवरही जबाबदारी टाकली आहे.

तिसरा कप्पा सर्वांत लांब होईल. तो मुलांच्या चुकीने भरलेला नाही, हे त्यांना कळले पाहिजे. तो भरतो कारण कोणीतरी अशी वस्तू बनवली, जी परत सुटी करता येत नाही. कोणी आणि का, हा प्रश्न मुले विचारू लागली, तर विज्ञानाचा तास योग्य ठिकाणी पोहोचला असे समजावे.