दहा सेकंदं

२०१४ साली ‘हायवे’ कुर्ल्याच्या फिनिक्समध्ये पाहिला. घरी येणारे शुक्ला अंकल इम्पोर्टेड चॉकलेटं आणायचे, मग काय करायचे, आणि आई ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाली, हे नायिका वीरा तिच्या अपहरणकर्त्याला सांगते. चित्रपट सुटल्यावर बाहेर रिक्षाच्या रांगेत सगळे रहमानच्या गाण्यांविषयी बोलत होते. अंकलचं नाव कुणी काढलं नाही.

त्याच्या चारच वर्षं आधी तिथून जवळच्या नेहरूनगरात काही महिन्यांत तीन लहान मुलींच्या हत्या झाल्या होत्या. तेव्हा घरोघरी एकच ताकीद होती, बाहेर खेळू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविषयीचे आपले बरे चित्रपट नेमकं उलट सांगतात: धोका घरातच असतो.

त्यांतला मला सर्वांत खरा वाटतो तो मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ (२००१). घरातला मेहुणा तेज लहानग्या आलियाभोवती घुटमळताना दिसतो आणि आता मोठ्या झालेल्या रियाला स्वतःचं लहानपण आठवतं. पण चित्रपटाचं वजन तिच्या बोलण्यापेक्षा वधूपिता ललितच्या निर्णयावर आहे. ज्याच्या उपकारांखाली घर दबलंय त्या मेहुण्याला ऐन लग्नात ‘जा’ म्हणणं. ललित झालेले नसिरुद्दीन शहा तिथे आवाज चढवत नाहीत, म्हणून ते पटतं. ‘हायवे’त मात्र वीरा भरल्या घरात किंचाळते आणि निघून जाते; घराला काही ठरवावंच लागत नाही. ‘कहानी २’ने पाठलाग रंगवण्यात विषय घालवला. ओनीरच्या ‘आय अ‍ॅम’ने निदान मुलग्याची गोष्ट सांगितली. केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत ५३ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचार सांगितला, त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. पडद्यावर ते शोधावे लागतात.

आणि या चित्रपटांतली घरं बहुतेक ऐसपैस. कुर्ल्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत बाथरूम नसते, मोरी असते. पोटमाळ्यावर गावाहून आलेला कुणी झोपतो. भिंतीपलीकडची फोडणी कळते तिथे हे कसं कळत नाही? कळतं, पण बोललं जात नाही. त्या खोलीत शिरलेला मराठी चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

मराठीत मात्र हे फार आधी लिहिलं गेलंय. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७चं. सत्यदेव दुबेंनी १९७१मध्ये त्यावर चित्रपट केला, नायिका बेणारे सुलभा देशपांडेच. आपण कुमारी मातेची शोकांतिका म्हणून ते वाचत आलो. पण त्याच्या कितीतरी आधी, बेणारे कोवळ्या वयातली असताना, तिच्याशी संबंध ठेवणारा तिचा सख्खा मामा होता. ती त्या संबंधाला प्रेम म्हणते, कारण दुसरा शब्द तिला कुणी दिलेलाच नाही. नाटकातल्या लुटुपुटुच्या कोर्टात हीच गोष्ट तिच्या बदचालीचा पुरावा म्हणून येते. न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला दहा सेकंदं देतात. ती बोलते तेव्हा बाकी सगळे थिजलेले असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. मग शिक्षा सुनावली जाते. मामाला साक्षीलाही कुणी बोलावत नाही.