फार्गोचे सहा प्लग

सेलूच्या मोंढ्यात किंवा जिनिंगच्या आवारात उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रकचं बॉनेट उघडा, स्पार्क प्लग सापडणार नाही. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या गाड्या डिझेलच्या. डिझेल इंजिनात हवाच एवढी दाबली जाते की तिच्या उष्णतेनं इंधन पेटतं. ठिणगी लागत नाही. प्लग राहिले मोटरसायकलींना, पेट्रोलच्या कारना आणि फवारणी पंपांना. ट्रकचे प्लग पाहायचे तर पेट्रोलच्या काळातला ट्रक हवा. तसा एक वालूर रस्त्याला एका आखाड्यावर अजून उभा आहे: सहा सिलिंडरची फार्गो. प्लग बदलायचे म्हणून मालकांनी जुने सहाही काढले होते आणि लाकडाच्या पट्टीला भोकं पाडून, रेडिएटरच्या बाजूनं एक ते सहा अशा क्रमानं, त्यात उभे करून ठेवले होते. ती पट्टी उन्हात धरून मी बराच वेळ बघत बसलो. जे दिसलं ते लिहून ठेवण्याच्या योग्यतेचं होतं.

फार्गो हे नाव आता विसरत चाललंय, म्हणून थोडं सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. दोन्ही मुळात एकच गाडी, बिल्ला तेवढा वेगळा. पुढं मद्रासच्या सिम्पसनमध्ये पर्किन्सची पी-६ डिझेल इंजिनं तयार होऊ लागली आणि ती या ट्रकांत बसू लागली. पेट्रोलची गाडी असलेल्या मालकांनीही मूळ इंजिन उतरवून डिझेल चढवलं. खर्चाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं, पण त्यामुळं मूळ इंजिन शाबूत असलेली गाडी आता क्वचितच दिसते.

या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, बाजूला ब्लॉकमध्ये असतात. हेड म्हणजे वरून बसवलेलं जाड सपाट झाकण, आणि प्लग त्यात वरूनच उतरवलेले. बॉनेट उचललं की सहाच्या सहा हाताशी. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४. प्लग काढण्याआधी भोवतालची माती फुंकून किंवा ब्रशनं काढायची. नाहीतर प्लग निघाल्याबरोबर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. आमच्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ रिंगा आणि सिलिंडर लवकर खाते.

आता ते सहा प्लग. पहिल्या नजरेत भरते ती काजळी. एक ते पाच, सगळ्यांच्या टोकावर कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काळी पूड. सहावा वेगळा: काळाच, पण ओला आणि चकाकणारा. सहा एकदम आणि क्रमानं पाहण्याचं महत्त्व इथं कळतं. एकच प्लग हातात घेतला असता तर “काळा झालाय, बदला” यापलीकडं काही समजलं नसतं. पाच सारखे दिसतात त्याअर्थी कारण पाचांना सामाईक आहे, म्हणजे कार्बोरेटर, चोक किंवा गाडी चालवायची पद्धत. सहावा एकटा वेगळा दिसतो त्याअर्थी दुखणं त्या एकाच सिलिंडरचं आहे. तिथं तेल वर चढतंय. डोक्यावर व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात आधी व्हॉल्व्ह गाइडचा संशय घेतला असता, कारण तेल वरून खाली झिरपतं. या इंजिनात गाइड खाली ब्लॉकमध्ये आहेत, तेव्हा संशय आधी रिंगांवर जातो. खात्री करायची सोपी रीत आहे. कॉम्प्रेशन मोजायचं, मग त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नवा प्लग घातला म्हणून त्या रिंगा सुधारणार नाहीत. हे प्लगच सांगतो, आणि कुणाचीही भीडभाड न ठेवता सांगतो.

काजळी पुसून टोकाकडं बारकाईनं पाहिलं तेव्हा मला सर्वांत आवडलेली गोष्ट दिसली. प्लगला दोन टोकं असतात: मधलं, पांढऱ्या चिनीमातीच्या आवरणातून बाहेर आलेलं, आणि बाजूचं, त्यावर वाकवलेलं. नव्या प्लगच्या टोकांच्या कडा धारदार असतात. ठिणगीला धारदार कडेवरून उडी मारणं सोपं जातं. कडा गोल झाल्या की तेवढंच अंतर तोडायला जास्त व्होल्टेज लागतं. सहसा झीज मधल्या टोकाची जास्त होते. या सहाही प्लगांत उलटं होतं: मधलं टोक बऱ्यापैकी शाबूत, आणि बाजूच्या पट्टीवर आतल्या अंगानं खोलगट वाटी पडलेली. याचा अर्थ करंट उलट्या दिशेनं जात होता. जुन्या फार्गोला ६ व्होल्टची बॅटरी आणि पॉझिटिव्ह अर्थ असे. कधीतरी १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ करताना कॉइलवरच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल राहून गेली असणार. मधलं टोक जास्त तापतं, आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून ते निगेटिव्ह हवं. उलटं झालं तरी गाडी चालू होते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी कुरकुरते. दोन वायरींची जागा बदलली की झालं. पैसा लागत नाही, फक्त त्या वाटीकडं बघणारे डोळे लागतात. कुठल्याही मीटरशिवाय, धातूच्या झिजेवरून गाडीचा जुना इतिहास असा उलगडला, याचा मला फार आनंद झाला.

मग नवे कुठले घ्यायचे? इथं बहुतेकांची फसगत आट्यांवरून होते. या हेडला १४ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो, आणि दुकानात मिळणाऱ्या असंख्य प्लगांचे आटे १४ मिलिमीटरचेच असतात. पण फार्गोच्या प्लगच्या आट्यांची लांबी ⅜ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. काउंटरवर सहज मिळणारा एनजीकेचा बीपी६ईएस घ्या: बी म्हणजे १४ मिलिमीटर आटे, पी म्हणजे टोक पुढं आलेलं, ६ म्हणजे उष्णतेचा दर्जा, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी, एस म्हणजे साधं तांब्याच्या गाभ्याचं टोक. हा प्लग फार्गोत आरामात फिरत खाली जाईल आणि लांबीला दुप्पट असल्यानं थेट आत घुसेल, जिथं खाली व्हॉल्व्ह उघडत असतो. एका अक्षरानं व्हॉल्व्ह वाकू शकतो. या इंजिनाला चालणारा चँपियनचा जे८, त्यातलं ‘जे’ याच आखूड लांबीची ग्वाही देतं.

उष्णतेच्या दर्जाबद्दल गैरसमज फार. गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी, असं अनेकांना वाटतं. ठिणगीशी याचा संबंध नाही. आतल्या चिनीमातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला हेडपर्यंत जायला लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड. टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. ८५० अंशांच्या पलीकडं गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला धोका. निवड करायची ती या दोन मर्यादांच्या आत.

कारखान्यानं दर्जा ठरवला तो माल लादून मैलोन्‌मैल धावणाऱ्या ट्रकसाठी. ही गाडी आता आखाड्यावरून सेलूपर्यंत येते, दसऱ्याला फुलं लावून गावात फिरते, आणि परत उभी राहते. टोक तापायच्या आत इंजिन बंद होतं. पाच प्लगांवरची काजळी हेच सांगते. माझं मत असं की आधी चोक आणि कार्बोरेटर तपासावा, आणि तरीही काजळी धरत असेल तर एक पायरी गरम प्लग बिनधास्त घालावा. त्यासाठी कंपनीची भाषा माहीत हवी. चँपियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. एनजीकेत आकडा वाढला की थंड. बॉशच्या जुन्या तीन आकडी क्रमांकांत मोठा आकडा म्हणजे थंड, आणि नव्या क्रमांकांत मोठा म्हणजे गरम. बॉशच्याच घरातल्या बंगळूरच्या मायकोचे जुने डबे अजून एखाद्या दुकानाच्या वरच्या फळीवर निघतात. त्यावरचा क्रमांक वाचताना हे ध्यानात ठेवावं.

रंगाचे जुने नियमही आता थोडे हातचं राखून वापरायला हवेत. चांगला प्लग विटकरी-तपकिरी, असं जुनी पुस्तकं सांगतात. त्या रंगात पेट्रोलमधल्या शिशाचा वाटा होता. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंरहित पेट्रोल आलं, तेव्हापासून निरोगी प्लगही फिकट दिसतो. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरवर मिश्रण पातळ होतं आणि टोक आणखी पांढरं पडू शकतं. फिकट रंग दिसला की घाबरू नये. पण चिनीमातीवर फोड किंवा वितळलेले मणी दिसले तर गाडी तिथंच थांबवावी.

बसवण्याचं काम थोडक्यात. गॅप फीलर गेजनं पाहून घ्यावा, नवा आहे म्हणून बरोबर असेलच असं धरू नये. वाकवायची ती फक्त बाजूची पट्टी. प्लग आधी हातानं फिरवत खाली न्यावा, पाना शेवटी. हाताला घट्ट लागल्यावर नव्या वॉशरला अर्धा फेरा पुरे. तोच प्लग पुन्हा बसवताना एक बारांश फेरासुद्धा पुरतो. जोर करणाऱ्यांनी हेडचे आटे घालवलेत, आणि या हेडला बदली मिळणं सोपं नाही.

सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, कुठंही कुणाच्या गोठ्याशेजारी पेट्रोल इंजिनाची फार्गो, डॉज किंवा बेडफर्ड उभी असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी तिचे प्लग काढा, क्रमानं पट्टीत लावा आणि जाणत्या मिस्त्रीला उन्हात दाखवा. गाडी ठेवायची की द्यायची, ते त्यानंतर ठरवा.