शासनाची भूमिका व कार्ये : मुळशी सत्याग्रहाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

लोकप्रशासनाच्या पाठ्यपुस्तकांत शासनाच्या कार्यांची संरक्षण, नियमन, लोककल्याण व विकास अशी यादी दिलेली असते. ही यादी चुकीची नाही. परंतु ही कार्ये परस्परांना पूरकच असतात, असे तीत गृहीत धरलेले असते. शासन विकासासाठी ज्याची जमीन घेते, त्याच्या हक्कांचे रक्षणही शासनानेच करावयाचे असते. या दोन कार्यांत विरोध निर्माण झाल्यास काय, हा प्रश्न यादीत येत नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या शेतकऱ्यांनी मात्र तो शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता.

मुळशीचा अनुभव :

मुंबईला वीज पुरविण्यासाठी निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले. त्यासाठीची जमीन मुंबई सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मिळवून दिली. याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच.

विजेची उपयुक्तता नाकारता येणार नाही. आक्षेप आहे तो कार्यपद्धतीवर. मूळ कायद्यानुसार शासनाने जमिनीची गरज एकदा घोषित केली की ती घोषणाच निर्णायक पुरावा ठरे. मोबदला कमी वाटल्यास शेतकऱ्याला न्यायालयात दाद मागता येई. परंतु जमीन मुळात का घेतली जाते, यावर त्याचे म्हणणे ऐकण्याची तरतूदच नव्हती. थोडक्यात, 'किती' हे विचारता येई, 'का' हे विचारता येत नसे. जे कायद्यात विचारता येत नव्हते, ते शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन विचारले.

कायद्यातील बदल :

हरकती ऐकण्यासाठी कलम ५-अ हे १९२३ च्या दुरुस्तीने आले. परंतु सुनावणी जिल्हाधिकाऱ्यापुढे आणि अंतिम निर्णय शासनाचाच. पक्षकार व पंच एकच राहिले. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरविली. मात्र २०१८ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या अटींतून सूट देण्याचा मार्ग खुला केला. म्हणजेच 'का' हा प्रश्न विचारण्याचा मार्ग पुन्हा अरुंद झाला.

समारोप :

यावरून असे दिसते की, शासनाची कार्ये मोजून त्याच्या भूमिकेचे मूल्यमापन होत नाही. दोन कार्ये परस्परविरोधी ठरतात तेव्हा बाधिताचे म्हणणे निर्णयापूर्वी ऐकले जाते की निर्णयानंतर, ही खरी कसोटी होय. हा घटक वर्गात शिकविताना यादीबरोबर मुळशीचे उदाहरणही ठेवल्यास विद्यार्थ्यांना शासन व प्रशासन यांतील नाते अधिक स्पष्टपणे समजू शकेल.