‘गिफ्ट’ : दान, विवाह आणि विष

इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट; जर्मनमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ विष; आणि डॅनिश, नॉर्वेजियन व स्वीडिश या भाषांत तो शब्द विषाचाही वाचक आहे व ‘विवाहित’ या अर्थाचाही. विवाह आणि विष यांना एका शब्दात नांदविणारा विनोद त्या देशांत केव्हाच शिळा झाला आहे. परंतु हे शब्द योगायोगाने सारखे दिसणारे परके नव्हेत. सर्वांच्या मुळाशी ‘देणे’ या अर्थाचा एकच जर्मानिक धातू आहे. तेव्हा देण्याच्या क्रियेतून विष कसे निपजले, हा खरा प्रश्न होय.

विवाहाच्या अर्थाचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. ‘मुलगी कोणाकडे दिली?’ असे विचारणाऱ्या आणि कन्यादानाचा विधी जाणणाऱ्या समाजाला ‘दिलेली’ म्हणजे विवाहित हे आपोआप उमगते. प्राचीन इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्याचाच वाचक होता, आणि जर्मनमधील ‘मिटगिफ्ट’ म्हणजे हुंडा हा त्याच जुन्या अर्थाचा अवशेष आहे.

वाद आहे तो विषाचा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1924 मध्ये ‘गिफ्ट, गिफ्ट’ या छोट्याशा लेखात त्याची उपपत्ती मांडली. प्राचीन जर्मानिक समाजात भेट बहुधा पेयाच्या रूपाने दिली जाई, आणि दिलेल्या पेयात विष असण्याची शंका नेहमीच असे. शिवाय घेणारा देणाऱ्याशी बांधला जातो, म्हणून प्रत्येक देणगीत धोका असतोच. पुढच्या वर्षीच्या दानविषयक प्रबंधात त्यांनी महाभारतातील अनुशासनपर्वाचाही आधार घेतला. हे प्रतिपादन मोहक आहे. कदाचित गरजेपेक्षा अधिकच.

भाषाशास्त्राचे उत्तर पुष्कळच रुक्ष आहे. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे देणे. वैद्यांच्या तोंडी त्याचा अर्थ औषधाची मात्रा असा झाला. लॅटिनमार्गे आलेल्या त्या शब्दाचे जर्मनने शब्दशः भाषांतर केले, आणि विषाचे नाव टाळण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. एमील बाँव्हनिस्त यांच्या 1969 मधील ग्रंथातही हीच उपपत्ती आहे. मोस यांना ती ठाऊक होती. सर्वसामान्य व्यवहारातील वस्तूला पंडितांचे नाव कसे मिळेल, असा त्यांचा तिच्यावर आक्षेप होता. हा आक्षेप टिकणारा नाही. भयंकर वस्तूचे नाव टाळणे ही लोकव्यवहाराचीच रीत आहे; रात्री सापाला ‘जनावर’ म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगणे नलगे. फ्रेंचमध्ये विषवाचक ‘प्वाझाँ’ हा शब्ददेखील लॅटिनमधील ‘पेय’ या निरुपद्रवी अर्थाच्या शब्दापासूनच आलेला आहे.

मोस यांचा दुसरा प्रश्न मात्र सहज झटकून टाकता येत नाही: सौम्योक्तीने मूळच्या ‘भेट’ या अर्थाला घरातूनच का हाकलावे? मराठीत ‘घरचा आहेर’ म्हणजे स्वकीयांनी केलेली निर्भर्त्सना. तरी त्यामुळे लग्नमंडपातल्या आहेराला धक्का लागलेला नाही. डच भाषेने विषासाठी शेवटचा ‘ट’ गाळून ‘गिफ’ असे रूप वेगळे काढले आणि भेटीचा ‘गिफ्ट’ जपला. जर्मनमध्ये विषाचीच सरशी झाली, आणि भेटीसाठी ‘गाबे’ व ‘गेशेंक’ हे शब्द उरले. त्यांपैकी ‘गेशेंक’ ज्या ‘शेंकेन’ या क्रियापदापासून साधला आहे, त्याचा मूळ अर्थ पेय ओतून देणे असा होता. भेट म्हणजे पुढे केलेला प्याला, या मोस यांच्या कल्पनेला ‘गिफ्ट’पेक्षा या शब्दात कितीतरी भक्कम आधार आहे.